हलका पण न झुकणारा सेंट्रिंग बीम: वजन कुठून काढायचं आणि ताठपणा कुठून आणायचा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात बेसा-पिपळा भागात दुमजली घरांची कामं आहेत, खोल्या दहा-बारा फुटांच्या, स्लॅब पाच इंची म्हणजे १२५ मिमीचा. सेंट्रिंगला, म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या सांगाड्याला, ७५ मिमीचे लोखंडी चॅनल तीन मीटरच्या गाळ्यात (दोन आधारांमधल्या अंतरात) आडवे टाकता, दोन-दोन फुटांवर, आणि वर १२ मिमी प्लाय. चॅनल वर चढवताना पोरं थकतात, आणि एवढा जड माल लावूनही सेंट्रिंग खोलल्यावर छताच्या मधोमध २० मिमीच्या आसपास झोल दिसतो. कुणीतरी सांगितलं की ॲल्युमिनियमचे बीम करा, हलके होतील आणि झुकणारही नाहीत. तसे बनवून घ्यावेत का, आणि कसे, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत सरळ सांगतो: ॲल्युमिनियम नको. लोखंडच ठेवा, पण चॅनलऐवजी २०० मिमी उंचीचा जाळीचा बीम करा, तो सव्वा फुटावर टाका आणि जुने चॅनल त्याखाली आधाराला वापरा. खोलीला लागणारं एकूण लोखंड जवळपास तेवढंच राहील आणि झोल पाचव्या हिश्शावर येईल. पण नवा बीम करूनही बल्लीचं, म्हणजे खालच्या टेकूचं, बूड ढिलं राहिलं, तर पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

आधी तुमचे २० मिमी आले कुठून ते पाहू. काँक्रीटचं वजन सळीसकट घनमीटरला २५०० किलो धरतात, म्हणजे १२५ मिमी स्लॅबचे चौरस मीटरला ३१२ किलो झाले. प्लाय-बीमचे ४० किलो मिळवा, साधारण ३५० होतात. झोल मोजताना हाच भार धरायचा, कारण माणसं, घमेली, व्हायब्रेटर हे सगळं स्लॅब टाकून झाल्यावर निघून जातं. ताकद तपासताना मात्र त्यांचे २५० किलो आणखी धरायचे आणि ६०० किलोवर हिशेब करायचा.

दोन फुटांवर चॅनल म्हणजे एका चॅनलवर मीटरला २१० किलो. ७५ मिमी चॅनलचा जडत्वाघूर्ण, ज्याला आपण साइटवर ‘आय’ म्हणतो (आकारामुळे झुकण्याला होणारा विरोध), ७७ सेंमी घात चारच्या आसपास असतो. तीन मीटरच्या गाळ्यात एवढ्या भाराखाली तो मधोमध १४ मिमी झुकतो. त्यावर १२ मिमी प्लाय ६०० मिमीच्या अंतरात आणखी ३ मिमीच्या आसपास बसतो. उरलेले तीन-चार मिमी पाचरी, गुटके आणि जमीन यांनी खाल्ले. झाले तुमचे वीस. पोरांनी काही चुकीचं केलं नाही, हिशेबातच झोल होता.

हे दोन फूट येतात कुठून, तेही बघा. तीन बाय दोन फुटांच्या लोखंडी प्लेटला स्वतःची अँगलची चौकट असते, ती दोन फूट आरामात पेलते. प्लेट जाऊन प्लाय आला, पण अंतराची सवय तशीच राहिली. प्लायचं झुकणं अंतराच्या चौथ्या घाताने वाढतं. ४०० मिमीवर तोच प्लाय पाऊण मिमीही झुकत नाही, आणि अंतर दीडपट केलं की झुकणं पाचपट होतं. छतावर लाटा दिसतात त्या इथूनच. नव्या बीमचा खर्च आज नसेल परवडत, तरी अंतर ४०० मिमी एवढी एक गोष्ट उद्याच्याच स्लॅबला करा.

आता ॲल्युमिनियमची गोष्ट. ते लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त वजनाचं असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते ताणाला तितकंच मऊही असतं, हे विकणारा सांगत नाही. स्थितिस्थापकतेचा अंक पोलादाचा २०० गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०. घनता ७८५० आणि २७००. भागाकार करून बघा, दोघांचं उत्तर जवळपास एकच येतं. चांगलं लाकूडसुद्धा या हिशेबात फार मागे नाही. याचा अर्थ असा की तुमच्याच चॅनलच्या उंचीचा बीम ॲल्युमिनियममध्ये केला आणि तेवढाच ताठ हवा म्हटलं, तर तिप्पट माल घालावा लागेल आणि वजन पुन्हा तिथेच येईल. ॲल्युमिनियमचा खरा फायदा वेगळा आहे: त्याच वजनात जाड भिंतीची, उंच आणि सुबक आकाराची पट्टी एकसंध काढता येते. मोठ्या कंपन्या तसेच बीम वापरतात. पण ती डाय लावून काढलेली पट्टी असते, आपल्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये पाइप जोडून ते होत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचं ॲल्युमिनियम मऊ पडतं, नेहमीच्या ६०६१ जातीत तर जवळपास निम्मी ताकद जाते. शिवाय ओल्या सिमेंटचा क्षार त्याला खातो. आणि एक साइटवरची अडचण: भंगारात भाव चांगला असल्यामुळे रात्री माल जागेवर राहत नाही.

मग वजन घटतं कशाने? उंचीने. बीम झुकताना वरचा भाग दबतो आणि खालचा ताणला जातो, मधलं लोखंड जवळपास फुकट बसून असतं. ते मधलं काढून वर-खाली न्यायचं आणि दोन्हींतलं अंतर वाढवायचं. वरच्या-खालच्या पट्ट्या त्याच ठेवून त्यांतलं अंतर दुप्पट केलं की ताठपणा चौपट होतो, आणि वाढलेलं वजन फक्त मधल्या जाळीचं.

आकड्यांत सांगतो. गाळा तीन मीटर, बीम ४०० मिमीवर. झोलासाठी भार मीटरला १४० किलो, ताकदीसाठी २४०. झोलाची मर्यादा मी गाळ्याचा ३६० वा भाग धरतो, म्हणजे इथे ८ मिमी आणि वर थोडं. एवढ्यासाठी पोलादाचा ‘आय’ सुमारे ८७ लागतो (ॲल्युमिनियमचा २५०). आता बाजारात मिळणारी १०० बाय ५० ची, २ मिमी जाडीची चौकोनी नळी घ्या. मीटरला ४.६ किलो, आय ७७, झोल ९ मिमीच्या वर. म्हणजे तुमच्या चॅनलइतकाच ताठपणा, पण चॅनल मीटरला सात किलोचं. नुसती नळी लावूनही वजन तिसऱ्या हिश्शाने उतरलं, पण झोल काही मिटला नाही. १०० मिमीचं चॅनल घ्याल तर झोल ४ मिमीवर येईल, मात्र एक नग २८ किलोचा होईल. ते शिडीवरून कोण चढवणार?

जाळीचा बीम असा करा. वर एक, खाली एक, ३० बाय ३० ची २ मिमी जाडीची चौकोनी नळी. दोन्हींच्या मध्यांतलं अंतर १७० मिमी, म्हणजे बीमची बाहेरून उंची २०० मिमी. मध्ये १० मिमीची साधी गोल सळी ४५ अंशांत नागमोडी वाकवून दोन्ही नळ्यांना वेल्ड. कागदावर आय ३२४ येतो. पण जाळी थोडी लवते, वेल्डच्या गाठी (सळी नळीला जुळते त्या जागा) नेमक्या रेषेत येत नाहीत, म्हणून मी चौथा हिस्सा कापून २५० धरतो. तरी झोल ३ मिमी. वजन मीटरला ४.४ किलो, तीन मीटरचा नग टोकाच्या पट्ट्यांसकट १४ किलोच्या आसपास. म्हणजे शंभराच्या नळीएवढ्याच लोखंडात तिप्पट ताठपणा मिळाला.

ताकदही पुरते. पूर्ण भारात वरच्या-खालच्या नळीत साधारण १६०० किलोचा दाब-ताण येतो, तो चौरस मिमीला ७२ न्यूटनच्या आसपास. नळी दोन गाठींच्या मध्ये ३४० मिमी मोकळी असते, तिथे प्लायचा भार आणि एखाद्याचा पाय पडला तरी बेरीज १२० च्या आसपास राहते. दोन मिमीपेक्षा पातळ नळी मात्र घेऊ नका. हिशेबात १.६ मिमीसुद्धा बसते, पण सेंट्रिंग खोलताना हातोड्याचा एक टोला बसला की तिला पोचा पडतो, आणि पोचा पडलेली दाबातली नळी हिशेबात धरता येत नाही.

१२ फूट लांबीच्या खोलीला दोन फुटांवर सात चॅनल लागतात, १५० किलो. जाळीचे बीम ४०० मिमीवर दहा लागतील, १४० किलो. नगांची संख्या वाढली, पण प्रत्येक नग एक माणूस खांद्यावर घेऊन चढू शकतो.

बनवताना सगळ्यात महत्त्वाचा जिग, म्हणजे भाग नेमक्या जागी धरून ठेवणारा साचा. सपाट लोखंडी टेबलावर थांबे वेल्ड करून घ्या, दोन्ही नळ्या त्यात पक्क्या धरा आणि मध्ये ५ मिमी उचल द्या. झोल ३ मिमी येणार आणि नव्या सांध्यांची बसकण थोडी, ती या उचलीत जिरते. जास्त उचल देण्याचा मोह होतो, देऊ नका. मधोमध स्लॅब पातळ होतो, आणि वरून दोरीने लेव्हल करणारा मिस्त्री ते कुणाला सांगत नाही. वेल्डिंग एका टोकाकडून दुसऱ्याकडे सलग नको. मधून सुरुवात करून आलटून-पालटून दोन्ही बाजूंना जा, नाहीतर बीम बाजूला वाकडा होतो. प्रत्येक गाठीला सळीच्या दोन्ही अंगांनी २५ ते ३० मिमी वेल्ड पाहिजे. जाड रॉडने दोन मिमीच्या नळीला भोक पडतं, २.५ मिमीचा रॉड घ्या, सीओटू वेल्डिंग मिळालं तर उत्तमच. सळी साधी माइल्ड स्टीलची घ्या, टीएमटीचे उरलेले तुकडे इथे खपवू नका. आणि गॅल्व्हनाइझ करायचा विचार असेल तर नळ्यांची टोकं बंद करू नका. बंद नळी तापलेल्या जस्तात बुडवली तर आतली हवा-वाफ फुगून ती फुटते. रेड ऑक्साइडचे दोन हात मारणार असाल तर उलट टोकं बंद केलेली बरी, आत स्लरी शिरत नाही.

बीम टेकवायचा कुठे, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. खालच्या नळीवर टेकवलात तर २०० मिमी उंच आणि ३० मिमी रुंद वस्तू उभी राहते, प्लाय सरकवताना ती आडवी पडते. वरच्या नळीवर टेकवा. वरची नळी दोन्ही टोकांना ७५ मिमी पुढे काढायची, ती आधाराच्या चॅनलवर बसेल आणि बाकीचा बीम खाली लोंबेल. लोंबणारी वस्तू कलंडत नाही. शिवाय टोकाची पहिली तिरपी सळी ताणात जाते, तिला वाकायची भीती राहत नाही. फक्त त्या पुढे काढलेल्या तुकड्यावर टोकाचा सगळा भार येतो, साडेतीनशे-पावणेचारशे किलो, आणि नुसती नळी तिथे वाकते. म्हणून टोकापासून पहिल्या गाठीच्या पलीकडे जाईल एवढी, साधारण २०० मिमी लांब, ५० बाय ६ ची पट्टी नळीला उभी वेल्ड करा. पैसे वाचवायला ही पट्टी गाळलेले बीम बघितलेत, सगळ्यांची टोकं नमस्कार करत असतात.

दुसरी गोष्ट, मधोमध बल्ली ठोकायची सवय. कितीही सांगा, सेंट्रिंगवाला रात्री जाताना ‘एक असू द्या’ म्हणून ठोकतोच. जाळीच्या बीमला दोन गाठींच्या मधल्या नळीवर असा टेकू मिळाला, तर त्या टेकूवर साडेचारशे किलोच्या आसपास भार येतो आणि खालची नळी तिथेच दबते. बंद करता येत नसेल तर सोय करून द्या: बीमच्या मध्यावर खालची गाठ येईल अशी जाळी आखा, तिथे एक उभी सळी घाला आणि खालून लाल रंगाचा पट्टा मारा. टेकू द्यायचाच असेल तर तिथेच.

खोल्या सारख्या मापाच्या नसतात म्हणून तुम्हाला लांबी कमी-जास्त होणारा, नळीत नळी सरकणारा स्पॅन हवाय, हे समजतं. तो वाईट नाही, भाड्यानेही मिळतो. पण सरकणाऱ्या सांध्यात ढिलाई असतेच. दोन्ही भाग ४५० मिमी एकमेकांत असतील आणि ढिलाई १ मिमी असेल, तर तीन मीटरच्या गाळ्यात मध्ये पावणेदोन मिमी उतरतो. वापरून ढिलाई ३ मिमी झाली आणि पोरांनी ३०० मिमीच आत ठेवला, तर साडेसात मिमी, आणि हा झोल भार येण्याआधीचा. म्हणून मी ठराविक लांबीचे बीम पसंत करतो: २.४, २.७ आणि ३ मीटर. खोलीचं माप बीमने नाही, आधाराच्या चॅनलने जुळवायचं. चॅनल भिंतीला चिकटलंच पाहिजे असं नाही, ते २०० मिमी आत घ्या, तेवढा प्लाय पुढे लटकला तरी मिमीभरही झुकत नाही. ३०० वर मात्र गेला की पावणेचार मिमी खाली येतो.

हाच बीम ३.६ मीटरला चालतो, झोल ६ मिमी. ४.२ ला साडेअकरावर जातो, अगदी मर्यादेवर. तिथे मध्ये आधाराची एक रांग घ्या आणि दोन लहान बीम वापरा.

लाकडाचं विसरू नका. कारखान्यात बनणारा एच-२० जातीचा लाकडी बीम, २०० मिमी उंच, मीटरला ५ किलोच्या आसपास, तुमच्या गाळ्यात ३ मिमीच्या जवळपासच झुकतो, म्हणजे आपल्या जाळीच्या बीमची बरोबरी. वर खिळा ठोकता येतो, ही जास्तीची सोय. वर्षाला दोन-तीनच स्लॅब असतील तर बनवण्यापेक्षा तो भाड्याने घेतलेला बरा. लकडगंजातून तीन बाय सहा इंची सरळ, गाठी नसलेली चिरीव फळी आणली तर तीही ताठपणात बसते, पण नग वीस किलोच्या घरात आणि उन्हाळ्यात पिळते. लोखंडी बीमवर प्लाय धरून ठेवायला दर तिसऱ्या बीमवर पातळ लाकडी रीपर (पट्टी) स्क्रूने बसवा, पण मग उरलेले बीम तेवढ्याच जाडीने उंच टेकवा. हे विसरलात तर प्लाय फक्त दर तिसऱ्या बीमवरच टेकेल.

तुमचे ७५ चे चॅनल भंगारात घालू नका. तीन मीटरच्या गाळ्यात ते लेचेपेचे, पण चार फुटांवर प्रॉप (उंची कमी-जास्त करता येणारे लोखंडी टेकू) दिले की तेच चॅनल आधार म्हणून मिमीभरच झुकतं. दोन चॅनल पाठीला पाठ लावून जोडले तर आणखी चांगलं, कारण एकटं चॅनल भार घेताना पिळत जातं. ते प्रॉपच्या यू आकाराच्या डोक्यात बसवून बाजूला पाचर घट्ट करा. प्रत्येक प्रॉपवर ११०० किलोच्या आसपास येतील. साध्या लोखंडी प्रॉपला हे झेपतं, मात्र प्रॉप पूर्ण उघडल्यावर त्याची ताकद बरीच उतरते, तेव्हा पुरवठादाराच्या तक्त्यात उघडलेल्या उंचीसमोरचा आकडा बघायचा. मधल्या रांगेतल्या प्रॉपला दोन्ही बाजूंचा भार येतो, तिथे अंतर निम्मं करा. मूळ पिनेऐवजी सळीचा तुकडा घातलेला प्रॉप साइटवर दिसला तर तो बाजूला काढा.

आणि आता बूड. नागपुरात या कामाची निम्मी गंमत जमिनीत आहे. प्रॉपची पाटी १५० बाय १५० ची, तिच्यावर ११ किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ४९० किलोन्यूटन. ओल्या काळ्या मातीला हे अजिबात झेपणारं नाही, आणि प्लिंथमध्ये नुसता ओतून ठेवलेला मुरूमही बसतो. सगळ्या प्रॉपखाली सलग नऊ इंची फळी टाकली की तोच दाब ४० वर येतो. फळीचे सुटे तुकडे नकोत, विटांचे थर तर नकोच नको, वीट टोकावर फुटते. भरण थराथराने पाणी मारून धुम्मसलेलं हवं. काळी माती कोरडी असताना दगडासारखी लागते, त्यावर कुणी विश्वास ठेवू नये. जूनमधली पहिली सर आली, किंवा वरच्या मजल्याचं क्युरिंगचं पाणी जिन्यातून खाली उतरलं, की तीच माती लोण्यासारखी होते. स्लॅब टाकल्यावर पहिले काही दिवस वर पाणी बांधून ठेवायचं असतं, आणि नेमकं त्याच दिवसांत खाली प्रॉपला भार असतो. म्हणून वरच्या पाण्याला पाइप लावून बाहेर काढा, आतल्या जमिनीवर सांडू देऊ नका. पोरांना सांगून ठेवा की स्लॅब टाकला त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक प्रॉप हाताने हलवून बघायचा. ढिला लागला की खालची जमीन बसलेली असते. ढिला दिसला म्हणून जोर लावून वर मात्र चढवायचा नाही, काँक्रीट धरत आलेलं असेल तर त्याला तडा जातो, फक्त बसता होईल एवढंच आवळायचं.

आडव्या जोराचा विचार छोट्या कामांत कुणी करत नाही. उभ्या भाराचे अडीच टक्के तरी आडवे धरावेत अशी रीत आहे. तुमच्या खोलीला पूर्ण भार साडेसहा टनांच्या आसपास, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किलोचा धक्का. दोन्ही दिशांना प्रॉपला तिरपे पाइप क्लॅम्पने बांधा आणि प्लायची कड भिंतीला टेकवा. काठ्या सुतळीने बांधणं म्हणजे ब्रेसिंग नव्हे. तसंच काँक्रीट एका जागी ओतून ढीग करू देऊ नका. अर्धा मीटर उंच ढिगाखाली चौरस मीटरला साडेबाराशे किलो होतात, आपण हिशेबात धरलेल्या सहाशेच्या दुप्पट. लिफ्टवाला घाईत असला की हा ढीग होतोच, तिथे एक शहाणा माणूस फावडं घेऊन उभा ठेवा. उंची चार मीटरच्या वर असेल, किंवा दुहेरी उंचीचा हॉल असेल, तर हे सगळं घरगुती हिशेबावर करू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सेंट्रिंगचं स्वतंत्र ड्रॉइंग घ्या. त्यासाठी आयएस १४६८७ हे १९९९ चं मानक आहे.

नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत एवढंच: प्लाय आदल्या संध्याकाळी भिजवा, नाहीतर फटी उघडतात आणि स्लरी गळते, आणि ढलाई पहाटे सुरू करून उन्हं चढायच्या आत संपवा. ४० अंशांच्या वर गेलं की आयएस ७८६१ च्या दृष्टीने ते उष्ण हवामानातलं काँक्रीट होतं, आपल्याकडे मे महिन्यात ते रोजचंच.

खोलण्याचे दिवस आयएस ४५६ मध्ये दिलेले आहेत. स्लॅबखालचा प्लाय तीन दिवसांनी काढता येतो, पण प्रॉप लगेच पुन्हा लावायचे. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप सात दिवस, त्यापुढे चौदा. काँक्रीटच्या बीमखालचे प्रॉप सहा मीटरपर्यंत चौदा दिवस, त्यापुढे एकवीस. हे साध्या पोर्टलंड सिमेंटचे आकडे आहेत, दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट), त्याला ताकद हळू येते, मी तीन-चार दिवस जास्तच ठेवतो. काढताना मधून सुरू करून भिंतीकडे जायचं. छज्जा आणि बाल्कनीला उलटं, बाहेरच्या टोकाकडून आत.

आता करायचं काय, तर एकदम चाळीस बीम बनवायला टाकू नका. आधी दोन करून घ्या. ते वर्कशॉपच्याच अंगणात, पक्क्या फरशीवर, एकमेकांपासून ४०० मिमी अंतराने, तीन मीटरवरच्या दोन आधारांवर टेकवा, वर प्लायचा तुकडा, आणि बाजूला खिळा मारून ताणलेली दोरी, तिच्यापासून मधोमधचं अंतर मोजून ठेवा. सिमेंटची १७ पोती सारखी पसरा, हा ओल्या स्लॅबचा भार झाला. थप्प्यांमध्ये फटी ठेवा, पोती एकमेकांना टेकली की कमान धरतात आणि बीमवर भार येतच नाही. मधोमध ३ मिमीच्या आसपास उतरलं पाहिजे. मग २९ पोत्यांपर्यंत जा, ५ मिमीच्या आसपास. जवळ उभं राहू नका, खाली दोन गुटके थोडी जागा सोडून ठेवा. अर्धा तास थांबून सगळं उतरवा आणि पुन्हा मोजा. मिमीभर फरक राहिला तर तो आधारांची बसकण असू शकते, तीच चाचणी परत करा. दुसऱ्यांदाही राहिला, किंवा तीनऐवजी पाच-सहा मिमी उतरलं, तर वेल्डच्या गाठी एकेक करून बघा, बहुधा टोकाकडच्या पहिल्या दोनांतच वेल्ड वरवर चिकटलेला सापडेल.